रविवारी सकाळी अमेरिका, संध्याकाळी युरोप

कालवा सुटणार अशी कुणकुण लागली, की राहात्याच्या बाजारात माणसं रामराम करायच्या आधी "पानी कधी?" असं विचारतात. काल भाजी घेताना एका ओळखीच्या बाईनं मलाही हेच विचारलं. माझ्या नावावर एक गुंठा जमीन नाही. मी नळाचं पाणी पिणारी गणिताची मास्तरीण. तरी अगदी जाणत्यासारखं "पुढच्या आठवड्यात बघा," असं ठोकून मी मोकळी झाले आणि घरी येईपर्यंत स्कूटीवर एकटीच हसत राहिले. उन्हाळ्याचं शेवटचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची शेवटची फेरी म्हटली, की लोकांना जनावरांचा घास आठवतो, ऊस आठवतो. मला अमेरिका आणि युरोप आठवतात. हे दोन खंड माझ्या माहेरच्या दोन एकरांत एक उन्हाळाभर नांदले होते.

माहेर राहात्यापासून तीन किलोमीटरवर, गोदावरीच्या उजव्या कालव्याच्या अंगाला. घरासमोर दोन एकर पेरूची बाग होती. मी जन्मले त्या वर्षी माझ्या वडिलांनी, अण्णांनी, ती स्वतःच्या हातानं लावलेली. आमच्या घरी माझं वय बागेवरून काढायचे आणि बागेचं माझ्यावरून. मी नापास झाले असते तर बागेचंही एक वर्ष वाया गेलं असतं, असा तो हिशोब होता. पुढं बागेच्या मुळांना रोग लागला. मुळांत बारीक किडे शिरतात, गाठी धरतात आणि झाड हळूहळू पिवळं पडत जातं. औषधं झाली, शेणखत झालं, नवस तेवढा राहिला होता. शेवटी तीन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात जेसीबी आला आणि दोन दिवसांत सगळी बाग आडवी झाली. "आता उन्हाळाभर माती तापू द्या," असं शेतकीच्या साहेबानं सांगितलं. "उन्हानं किडे मरतील. पाण्याचा थेंब पडू देऊ नका. पावसाळ्यात नवी रोपं लावा." अण्णांनी हे वाक्य पाठ केलं आणि घरातल्या प्रत्येकाला ऐकवलं. त्या वावराच्या कडेला भांड्याचं पाणी फेकायचीसुद्धा आईला बंदी झाली.

झाडं उपटलेल्या जागी खड्डे आणि प्रत्येक खड्ड्याशेजारी मातीचा ढीग. येणारेजाणारे हळहळायचे. माझा धाकटा भाऊ विनू मात्र बांधावर उभा राहून डोळे बारीक करून बघत होता. मी म्हटलं, याला बागेची आठवण येतेय. त्याला आठवण-बिठवण काही येत नव्हती. तो कुठल्या ढिगावरून गाडी उडवली तर कुठल्या खड्ड्यापलीकडे पडेल, याचं मोजमाप करत होता. पंधरा दिवसांत त्यानं फावड्यानं ढीग सारखे केले, खड्डे बुजवले, वळणं काढली, आणि आमच्या पेरूच्या बागेचा मोटोक्रॉसचा ट्रॅक झाला.

मोटोक्रॉस म्हणजे माती, खड्डे, उंचवटे यांवरून मोटारसायकली पळवायची शर्यत, हे मला तेव्हाच कळलं. कळलं म्हणजे कळून घ्यावं लागलं. त्या काळात दर रविवारी मी माहेरी जायची आणि तिथं दुसरा विषयच नसायचा. अमेरिकेत ही शर्यत शनिवारी संध्याकाळी, मोठमोठ्या स्टेडियममध्ये दिव्यांच्या झगमगाटात होते. तेव्हा आमच्याकडे रविवारची सकाळ उजाडत असते. युरोपातली रविवारी दुपारी होते, ती आम्हांला संध्याकाळी दिसते. चैत्र-वैशाखात दोन्हीकडचे हंगाम एकाच वेळी चालू असतात. त्यामुळे ओसरीवर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाईलवर सकाळी चहाबरोबर अमेरिका आणि संध्याकाळी चहाबरोबर युरोप. मधल्या वेळात जेवण आणि भांडण.

भांडणाला नितीन असायचा. नितीन बेलापूरचा, विनूचा आयटीआयपासूनचा दोस्त, साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर. शनिवारची पाळी संपवून रविवारी पहाटे तो आपली जुनी टू-स्ट्रोक गाडी घेऊन निघायचा. तिचा आवाज अर्धा किलोमीटर आधी येई आणि धूर त्याच्यानंतर अर्धा तास रेंगाळे. "जय भीम, अण्णा!" असं तो फाटकातूनच ओरडायचा, अण्णाही "जय भीम! या, आला का धुराचा फवारा?" म्हणून त्याला आत घ्यायचे. विनूची गाडी दोनशे सीसीची, नवी. तिचा मडगार्ड, इंडिकेटर, आरसे, सगळं काढून त्यानं तिला हाडकुळी करून टाकली होती. हेल्मेट दोघांचीही चांगली होती, गुडघ्याला मात्र क्रिकेटचे पॅड.

विनू अमेरिकेचा. नितीन युरोपचा. हे कधी ठरलं, कोणी ठरवलं, कुणालाच सांगता येत नाही. मराठी माणसाला मुळात बाजू लागते, कारण नंतर सापडतं.

"ताई, बघ, सुरुवातीचं दार पडल्या पडल्या कसा सुटला!" विनू मोबाईलवर बोट आपटायचा. "पयल्या वळनाला जो म्होरं, त्याची अर्धी शर्यत झाली. अमेरिकेत पोरं शाळा सोडून हेच शिकत्यात. सुरुवात, उडी, मातीच्या लाटा. तीन उड्या एका उडीत मारत्यात, बोल!"

"स्टेडियममधी व्हय," नितीन शांतपणे चहा फुंकायचा. "माती ट्रकनं आनायची, पायजे तशी दाबायची, शर्यत झाली का परत ट्रकनं न्यायची. ती काय जमीन हाय? तो लग्नाचा मांडव झाला. तुमी संध्याकाळी या, ताई, हॉलंडची वाळू दाखवतो. पयल्या फेरीला जी वाट असती, ती दुसऱ्या फेरीला नसती. दर गाडीमागं खड्डा वाढतो. तिथं नुस्तं मनगट चालत न्हाई. डोकं लागतं."

"डोकं लागतं म्हनं! मग तुमची फ्रान्सची पोरं अमेरिकेत कशाला पळत्यात?"

हा विनूचा हुकमाचा पत्ता होता. युरोपात तयार झालेले, विशेषतः फ्रान्सचे, कितीतरी गडी नाव काढायला अमेरिकेत जातात, हे खरंच आहे. नितीननं चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "जात्यात. पन घडत्यात कुठं, ते सांग ना." आणि मग नेहमीप्रमाणे दोघं एकदम बोलायला लागले. शेंगा फोडत बसलेल्या आईनं वर न बघता निकाल दिला, "म्हंजे माहेर युरोप आन् सासर अमेरिका. वळन माहेरचं, नाव सासरचं. आमचं दुसरं काय झालंय?" मी आईकडे बघितलं. ती शेंगाच फोडत होती.

त्या रविवारांना माझ्या मांडीवर नववीच्या पेपरांचा गठ्ठा असायचा. हळूहळू मी लाल पेनानं या दोन खंडांनाही तपासायला लागले. अमेरिका म्हणजे माझ्या वर्गातला तो मुलगा, ज्याचं अक्षर मोत्यासारखं, समास आखलेले, उत्तराखाली दोन रेघा. पेपर हातात घेतला की मन प्रसन्न होतं आणि उत्तर बरोबर असतंच. पण प्रश्न पुस्तकाबाहेरचा आला की तो जरा बिचकतो. युरोप म्हणजे मागच्या बाकावरचा. पान खाडाखोडीनं भरलेलं, कच्चं काम उत्तराच्या डोक्यावर बसलेलं, पण एकही पायरी गाळलेली नाही. कठीण गणित दिलं तर तोच सोडवतो. मी दोघांनाही चांगलेच गुण दिले. यावर विनू रुसला आणि नितीनही रुसला, म्हणजे माझी तपासणी बरोबर होती.

एका रविवारी जयंतीच्या तयारीमुळे नितीनला येता आलं नाही. बेलापुरात त्याच्याकडे मिरवणुकीतल्या रथाचं काम होतं. फोन ठेवता ठेवता त्यानं युरोपची बाजू माझ्याकडे सोपवली. मी मास्तरीण, तयारीनिशी बोलायला लागले. वर्षातून एकदा सगळ्या देशांचे तीन-तीन गडी एकाच ट्रॅकवर उतरतात, तिथं एके काळी ओळीनं अमेरिकाच जिंकायची. मग वारं फिरलं आणि युरोपनं बरीच वर्षं तिला डोकं वर काढू दिलं नाही. मग पुन्हा अमेरिका. अलीकडे तर ऑस्ट्रेलियाची पोरं येऊन जिंकून जातात. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. ही अलीकडची गोष्ट तेव्हा घडली नव्हती, नाहीतर विनूचा चेहरा बघण्यासारखा झाला असता.

खरं सांगायचं तर मला आतून वाटायचं, की या दोन्ही तऱ्हांची माणसं आपल्या जिल्ह्यातच आहेत. माझी पहिली नेमणूक आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, डोंगरातल्या शाळेवर होती. श्रावणात तिथली पोरं भाताच्या खाचरांकडेच्या वाटेनं मोटारसायकल आणायची. मागं दोन भाऊ, पुढं दप्तर, खाली घोट्याएवढा चिखल. गाडी डावीकडे घसरली की ती घाबरत नसत, तिला घसरू देत आणि मग हळूच सावरून घेत. आमच्या राहात्याची पोरं सरळ डांबरी रस्त्यावर वाढलेली. गाडी चकचकीत, सुटायला चपळ, चौकात चार माणसं उभी असली की अंगात येणारी. अकोल्याचा पोरगा म्हणजे युरोप, राहात्याचा म्हणजे अमेरिका. हे मी विनूला सांगितलं तेव्हा तो खूश झाला आणि मग त्याला शंका आली, की यात आपला अपमान आहे की काय. मला मात्र अजूनही तसंच वाटतं. अंगात कसब असतंच, पण ते कसं बाहेर येणार, हे पायाखालची जमीन ठरवते.

एवढा सगळा गदारोळ ओसरीवर आणि समोरच्या वावरात चालायचा, आणि अण्णा? अण्णा लिंबाखाली बाजेवर बसायचे, वावराकडे पाठ करून. पेपर वाचायचे, विडी सोडली म्हणून बडीशेप चघळायचे. आवाजाबद्दल तक्रार नाही, धुळीबद्दल नाही. विनूनं त्या मातीवर गाडी घातली याबद्दलही ते कधी बोलले नाहीत. "माती उलथीपालथी व्हती, तापती, बरंच हाय," एवढंच एकदा आईजवळ म्हणाले. पण मान मात्र एकदाही मागं वळवली नाही.

विनूला दिवाळीनंतर नाशिकजवळच्या मातीच्या ट्रॅकवर मोठ्या शर्यतीत उतरायचं होतं. अण्णांना विचारलं की ते म्हणायचे, "फटफटीचं काय, आज हाय उद्या न्हाई." हा नकार होता. आणि विनू आमच्या घरचा, त्यामुळे बापाचा शब्द मोडून जायचं त्याच्या मनातही नव्हतं. एकदा पाटाच्या कडेला पाय सोडून बसलो असताना तो मला म्हणाला, "ताई, अण्णांनी एकदाच बघावं. बघून नगं म्हनले, तर दुसऱ्या दिवशी गाडी इकतो. आईशप्पथ. पन ते न बघताच नगं म्हनत्यात, ते लई लागतं गं." त्याचे डोळे भरले होते. दाढीमिशा आलेला माझा भाऊ मला त्या वेळी दुसरीतला वाटला. मृग लागला की वावरात नवी रोपं जाणार होती. अण्णांनी घरबसल्या बघायचं, तर तेवढेच आठवडे उरले होते.

म्हणून मग आम्ही शर्यत ठरवली. अमेरिकेतला स्टेडियमचा हंगाम संपला त्याच्या पुढच्या रविवारी, सकाळी आठ वाजता, आमच्या वावरात, विनू विरुद्ध नितीन, दहा फेऱ्या. पंच मी. शाळेतल्या पीटीच्या सरांची शिट्टी मी मागून आणली. अण्णांना मी स्वतः आमंत्रण दिलं.

"अण्णा, रविवारी बाज फिरवून बसा. पंचाचा मान ठेवा."

"बघू," अण्णा म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं. आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही' हे शेंबडं पोरही जाणतं.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? मनात म्हटलं, एवढा कसला हट्ट? पोरगा काय जुगार खेळतोय? परत जाताना स्कूटी मुद्दाम बाजेच्या समोरून नेली, फटकन. म्हाताऱ्यानं हात वर करून नेहमीसारखा निरोप दिला, त्यामुळे राग आणखी वाढला.

शनिवारी संध्याकाळी पाटकऱ्याचा निरोप आला, की आपली पाण्याची पाळी पहाटे आहे. घास वाळायला आला होता. अण्णा पहाटे उठून फावडं खांद्यावर टाकून पाटाकडे गेले, यात नवीन काही नव्हतं. विनू आणि आदल्या दिवशीच मुक्कामाला आलेला नितीन गोठ्याच्या अंगाला चेन ताणत, नट आवळत बसले होते. मी सात वाजता पोचले. फाटकातून आत शिरले आणि स्कूटी तिथंच थांबवली.

वावर चमकत होतं. विनूच्या वळणांतून, उड्यांच्या मधून, त्यानं फावड्यानं घडवलेल्या एकूणएक लाटांमधून पाणी खळाळत चाललं होतं. दोन महिने तापवलेली माती ते घटाघटा पीत होती आणि सगळीकडून बुडबुड असा आवाज येत होता. मधोमध घोट्याएवढ्या पाण्यात, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, अण्णा उभे होते. फावडं हातात तसंच.

"नंदे," ते म्हणाले, "मी पानी कुठं सोडलं गं?"

पेरूच्या बागेला उन्हाळ्यात पाणी तोडतात. झाडांना ताण देतात. पानं गळतात, झाड उघडं पडतं, आणि वैशाखाच्या शेवटी, मृगाच्या तोंडावर, बेतानं पहिलं पाणी देतात. त्या पाण्यावर बाग फुटते, फुलते. हे पहिलं पाणी अण्णा कधी गड्याला देऊ देत नसत. चौतीस वर्षं, उन्हाळ्याच्या शेवटच्या आवर्तनाला, पहाटे उठून त्यांनी स्वतः बारं, म्हणजे पाटातून वावरात पाणी घ्यायचं तोंड, फोडून ते दिलं होतं. त्या पहाटेही पाय नेहमीच्या वाटेनं गेले, हातांनी नेहमीच्या जागी फावडं घातलं. बाग नाही हे डोळ्यांना दिसलं तेव्हा पाणी अर्ध्या वावरात पसरलेलं होतं. पाण्याचा थेंब पडू देऊ नका, म्हणून घराला ज्यांनी सळो की पळो करून सोडलं होतं, त्यांनीच दोन एकर भिजवून ठेवलं.

आणि मला एकदम उमगलं. दोन महिने त्यांची पाठ विनूकडे नव्हती, गाडीकडे नव्हती. ती त्या मोकळ्या वावराकडे होती. बाग नसलेली बघायला नको, म्हणून ते तिकडं तोंड करत नव्हते, आणि आम्ही बापलेकाचं भांडण समजून बसलो होतो. आदल्या आठवड्यात स्कूटी फटकन नेल्याचं आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात विनू धावत आला. वावर बघून जागच्या जागी थिजला. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं नाही. "चुकलं रे," ते पाण्याला सांगितल्यासारखं म्हणाले. "तुमची शर्यत ग्येली. माती बी ग्येली. रद्द करा." मी माझ्या वडिलांना मुलापुढं 'चुकलं' म्हणताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

बोलला तो नितीन. हातात पाना घेऊन तो बांधावर आला, एकवार सगळं वावर बघितलं आणि पोट धरून हसायलाच लागला. "अण्णा! आरं अण्णांनी युरोप केला की वो! दोन महिने मी तोंडानं सांगतोय, तुमी एका बाऱ्यात केला!"

अण्णा बघत राहिले. मग विनूच्या तोंडातून हसू फुटलं, मग माझ्या. आई ओट्यावरून "काय झालं? काय झालं?" करत आली. तिला वाटलं कोणीतरी पडलं. विनूनं हेल्मेट डोक्यात घातलं आणि म्हणाला, "रद्द-बिद्द काय न्हाई. अमेरिका चिखलात बी पळती. ताई, शिट्टी घे."

अण्णांना आता जाता येत नव्हतं. आधी बारं बंद करून पाणी घासाकडे वळवायचं होतं, मग खालच्या बांधाला चर पाडून साचलेलं काढून द्यायचं होतं. म्हणजे काम वावरातच. मी शिट्टी फुंकली. विनू सुटला तो बाणासारखा, अगदी त्याच्या अमेरिकेसारखा, पहिल्या वळणापर्यंत पुढं. वळणावर गाडी एकीकडे आणि तो दुसरीकडे. नितीन आपला पाय सोडून, खालच्या गिअरमध्ये, फटफट धूर काढत, बैलगाडीच्या चाकोरीतून जावं तसा निघून गेला. तिसऱ्या फेरीपर्यंत विनू तीनदा पडला. कुठं चेहरा, कुठं हेल्मेट, काही कळत नव्हतं. आई पदर तोंडाला लावून हसत होती आणि मधेच "आगंबया!" म्हणत होती.

चौथ्या फेरीला विनू परत त्याच कोपऱ्यात रुतला आणि खालच्या बांधावरून आवाज आला, "आरं तिथनं नगं! तिथं पानी मुरत न्हाई, काळी हाय ती! वरच्या अंगानं ये, तिथं मुरूम हाय खाली!"

अण्णा चर पाडायचं सोडून उभे होते. विनूनं गाडी वरच्या अंगाला घातली. चाक धरलं. गाडी सटकन पुढं गेली.

मग अण्णांना राहवेना. फावडं घेऊन ते बांधावरून पळायलाच लागले. पासष्टीचा माणूस, पायजमा वर, एका पायात चप्पल, दुसरी चिखलानं खाल्लेली. "तिसऱ्या ओळीच्या कडंनं! तिथं वाळकी माती! आता डावीकडं, डावीकडं, तिथं म्या दगूड पुरलाय, आपटशील!" ओळी अर्थात नव्हत्याच. पण त्यांना त्या दिसत होत्या. कुठं काळी माती खोल आहे, कुठं चार बोटांवर मुरूम लागतो, कुठल्या झाडाला पाणी जास्त लागायचं आणि कुठल्या झाडाशी ते तुंबायचं, सगळं त्यांना पायांनी ठाऊक होतं. अमेरिकेला ते ठाऊक नव्हतं, युरोपलाही नव्हतं. नितीन शेजारून जाताना त्यालाही ओरडले, "नितीन, तू बी ऐक की लेका! तिकडं नगं, रुतशील!" पंच म्हणून मी यावर हरकत घ्यायला हवी होती. मी घेतली नाही, कारण मला शिट्टी तोंडात धरवत नव्हती. हसू आणि रडू एकदम आलं, की शिट्टी वाजत नाही.

नितीन जिंकला. चांगला पाऊण फेरीनं जिंकला. त्यानं दोन्ही हात वर केले आणि गाडी आडवी पडली, तेव्हा त्याचाही चेहरा विनूसारखाच झाला. विनू मागून आला, गाडी बांधाला टेकवली, हेल्मेट काढलं. फक्त डोळ्यांभोवती दोन स्वच्छ गोल होते. तो अण्णांकडे बघत उभा राहिला. हरल्याबद्दल काही नाही. अण्णा काय म्हणतात, याची वाट बघत होता. आता जे म्हणतील ते म्हणतील, एवढं त्या दोन गोलांत मला दिसत होतं, आणि मी देवाला म्हटलं, बाबा रे, 'बघू' म्हणू देऊ नकोस.

अण्णांनी फावड्याचा चिखल बांधावर निपटला. श्वास लागला होता, तो जिरू दिला. वावराकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, मग पोराकडे.

"परत एकदा पळव," ते म्हणाले. "मगाशी माझं अर्धं ध्यान पान्याकडं हुतं. आता नीट बघतो."